सिस्टीमचा सोमवार

“हात काढा! आधी हात काढा तिच्यावरनं! आज सोमवार हाय!”

सर एवढ्या जोरात ओरडले की कॉम्प्युटर लॅबच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली ती थेट येडशीच्या अभयारण्यात जाऊन उतरली, आणि माझ्या माहितीप्रमाणं अजून परतलेली नाहीत. ज्यांच्यावर सर ओरडले ते गृहस्थ तपासणी समितीचे अध्यक्ष होते. गणिताचे निवृत्त प्राध्यापक, सोनेरी काड्यांचा चष्मा, इस्त्री अशी कडक की शर्ट अंगातून काढला तरी उभाच राहावा. अशा माणसावर आयुष्यात कुणी ओरडलं नसावं, निदान माऊस धरला म्हणून तरी नक्कीच नाही. त्यांनी विस्तवावरून घ्यावा तसा हात मागं घेतला.

समोर स्क्रीनवर ठळक अक्षरं होती : ‘आज सोमवार. सिस्टीम विसाव्याला आहे. उद्या सूर्योदयानंतर यावे.’

“हे काय आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“मराठीतच हाय की,” सर म्हणाले.

आमच्या प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचे रंग मी मोजत होतो. पिवळ्यापर्यंत आले होते. त्यांनी सरांना दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं आणि कुजबुजत ओरडायला सुरुवात केली. हे त्यांनाच जमायचं.

“सर, ही माणसं कशाला आलीत ठाऊक आहे ना? तुमचा विषय ठेवायचा का बंद करायचा, हे ठरवायला! सिस्टीमवर तुम्ही काय शिकवता तेवढंच बघणारेत! आणि तुम्ही तिलाच सुट्टी दिली?”

“मी कोण देणारा? तिची हक्काची हाय.”

आता इथं थांबून सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस वेडा होता. वेडा अजिबात नव्हता. तो आमच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा.

कॉलेज कुठलं ते सांगत नाही, कारण संस्थाचालक वाचतात. धाराशिव जिल्ह्याचं दक्षिण टोक म्हणा. जिथं निम्मा बाजार मराठीत भाव विचारतो आणि निम्मा कन्नडमध्ये तो पाडतो. मी तिथं वाणिज्य शिकवतो. एकदा भर कार्यक्रमात प्रोजेक्टरची निसटलेली वायर मी परत खोचली, आणि पडद्यावर पाहुण्यांचं नाव उमटलं. टाळ्या पाहुण्यांपेक्षा मला जास्त पडल्या. त्या दिवसापासून कॉलेजातला तंत्रज्ञ मीच. म्हणून वरून फर्मान आलं की यापुढं सगळे विषय ऑनलाईन सिस्टीमवरसुद्धा शिकवायचे, तेव्हा तिचा समन्वयकही मीच झालो.

सिस्टीम तशी साधी. प्रत्येक विषयाची तिच्यात एक खोली. मास्तरनं त्या खोलीत धडे ठेवायचे, गृहपाठ लावायचा. पोरांनी मोबाईलवरून उत्तरं जमा करायची, मास्तरनं गुण द्यायचे. कोण आलं, कधी आलं, किती वेळ बसलं, सगळं ती आपली आपण टिपून ठेवते. आमच्या इतिहासाच्या सरांनी आपल्या पिवळ्या पडलेल्या नोट्सचे फोटो काढून त्यांच्या खोलीत चढवले. प्रत्येक फोटोत त्यांचा डावा अंगठा. पोरांना पानिपत कळलं नाही, पण सरांचा अंगठा आठवडी बाजाराच्या गर्दीतसुद्धा ओळखू यायला लागला. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. सिस्टीम मनापासून घेतली ती एकट्या तर्कशास्त्राच्या सरांनी, आणि तिथूनच सगळा मामला सुरू झाला.

सर उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि हातात बाराही महिने छत्री. आमच्याकडं मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं, तेव्हासुद्धा छत्री.

“सर, पाऊस कुठंय?”

“न्हाय, पण येणारच न्हाय ह्याचा काय पुरावा हाय?”

राहायचे सास्तूरला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्यानं बांधलं तेव्हा घरं सगळी एका मापाची, एका रांगेत. माणसं दाराच्या रंगावरनं, गोठ्यातल्या जनावरावरनं घर ओळखतात. सरांना असला ढोबळ पुरावा चालत नसे. ते दाराशी उभं राहून आधी आत कोण आहे ते पाहायचे. आत आपली बायको दिसली की घर आपलं. एकदा काकू माहेरी जळकोटला गेल्या होत्या, आणि सर संध्याकाळपर्यंत ओट्यावर उभे. किल्ली खिशात, पण पुरावा नाही. शेवटी शेजारच्या मावशींनी हाताला धरून आत नेलं. “बसा हितं, म्या सांगते तुमचंच हाय,” म्हणाल्या. सर बसले, पण काकू परत येईपर्यंत पंख्याचं बटण दाबलं नाही. न जाणो, लोकाचं बिल वाढायचं.

असा माणूस सिस्टीमच्या प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत बसला होता. प्रशिक्षक पुण्याहून आलेला, गळ्यात ओळखपत्र, बोलताना हवेत बोटानं चौकटी काढणारा. दिवसभर बोलला आणि शेवटी म्हणाला, “एनी डाउट्स?”

सर छत्री टेकून उभे राहिले. “ही दमते का?”

“कोण?”

“हीच. सिस्टीम.”

“सर, हा सर्व्हर आहे. चोवीस तास, सातही दिवस चालतो. तेच तर वैशिष्ट्य आहे!”

“सातही दिवस?” सरांचा आवाज खाली गेला. “आणि दिवाळीला?”

“दिवाळीलासुद्धा!” प्रशिक्षक अभिमानानं म्हणाला.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. संस्थेनं गुलाबजाम ठेवले होते तरी जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “आमच्या बाच्या वाड्यावस्तीवर सालगड्यालाबी असं राबवलं न्हाय कुणी. आणि हा हसून सांगतोय.”

आमच्या सीमेकडच्या गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सोमवार महादेवाचा, म्हणून नंदीचा, म्हणून आपल्या दारातल्या ढवळ्याचाही. पेरणी अंगावर आली तरी औत धरत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर कुणी भाषण करत नाही. सरांनी फक्त ते पुढं नेलं. त्यांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या :

जो जो ओझं वाहतो, त्याला त्याला सोमवार असतो.
सिस्टीम ओझं वाहते.
सबब, सिस्टीमला सोमवार असतो.

“कुठं चुकलं सांगा,” ते स्टाफरूममध्ये म्हणाले. आम्ही सगळी उच्चशिक्षित माणसं. दोघं तर पीएच.डी. कुणालाही सांगता आलं नाही. इतिहासाच्या सरांनी विचार करताना अंगठा तोंडात घातला, तो तास होईपर्यंत काढला नाही.

सिस्टीममध्ये प्रत्येक विषयाच्या खोलीपुढं, म्हणजे कोर्सपुढं, डोळ्याचं एक चित्र असतं. त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि कोर्स पोरांना दिसेनासा होतो. दर रविवारी दिवेलागणीला सर सास्तूरहून मोटरसायकलवर यायचे, लॅब उघडायला लावायचे, विसाव्याची पाटी लावायचे आणि तो डोळा मिटायचे. “नीज बाई,” एवढंच म्हणायचे. मंगळवारी उजाडताना परत उघडायचे. मी एकदा म्हटलं, “सर, हे घरून मोबाईलवरनं पण होतं.”

“बैलाचं जू काय फोनवरनं सोडता व्हय?”

आता एक गोष्ट सांगतो, खोटी वाटली तर सोडून द्या. परीक्षेच्या हंगामात सगळ्या पोरांनी एकदम चढाई केली आणि सिस्टीम आडवी झाली. मराठी बंद, इतिहास बंद, माझं वाणिज्य बंद. चालू कोर्स एकच, तर्कशास्त्र. एकाच सर्व्हरवर असं होऊ शकत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. झालं, हेही ठाऊक आहे. सरांनी आमच्याकडं बघून फक्त छत्री या हातातून त्या हातात घेतली.

त्यांच्या कोर्सची शिस्त वर्गापेक्षा कडक. चर्चेच्या पानावर पहिल्यांदा ‘आत येऊ का सर?’ असं लिहायचं. सरांनी ‘बर्री’ लिहिलं, म्हणजे कन्नडमध्ये ‘या’, की मगच पुढं लिहायचं. एकदा सर भाच्याच्या लग्नात वाढपात अडकले आणि अख्खा वर्ग दोन दिवस दारात उभा राहिला. एकानंही उंबरा ओलांडला नाही. गृहपाठ जमा करायची वेळ सूर्यास्त. सिस्टीमला सूर्यास्त कळत नाही, तिला घड्याळ लागतं; म्हणून सर रोज पंचांग बघून ती वेळ मिनिटानं मागं-पुढं सरकवायचे. पोरांनी घड्याळं बघायची सोडून दिली, सूर्याकडं बघायला लागली. सास्तूरला नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर यायचं. त्यामुळं सूर्य कलला की टाकीच्या शिडीवर तर्कशास्त्राच्या पोरापोरींची रांग. ग्रामपंचायतीनं शेवटी टाकीखाली पाटी लावली : ‘पाणी भरण्यास येणाऱ्यांस विद्यार्थ्यांनी वाट द्यावी.’

तर अशी ही सिस्टीम, आणि समिती आली नेमकी सोमवारी.

व्हरांड्यातून प्राचार्य आत आले आणि माझ्यावर घसरले. “तुम्ही समन्वयक ना? उघडा ते!”

मी उघडलं. माझ्याकडं मुख्य किल्ली असतेच; डोळ्यावर टिचकी मारली, पाटी गेली. पण आत बघतो तर प्रत्येक धड्याला वेगळं कुलूप. सरांनी एकेका धड्यावर, एकेका गृहपाठावर अट लावून ठेवलेली : सोमवार सोडून. गोठ्याचं दार उघडलं, पण आत प्रत्येक जनावर आपापल्या दावणीला. एकेक सोडवायला दिवस गेला असता. पहिल्या धड्यावर लिहिलं होतं, ‘अहो, बाहेर वाचलं नाही का?’

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “प्राचार्य, आम्हाला संध्याकाळी निघायचंय. सिस्टीमवर काही दिसतच नसेल, तर या विषयाबद्दल आम्हाला एकच शिफारस करता येईल.”

एकच शिफारस म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. विषय बंद झाला की सर अतिरिक्त ठरणार, आणि संस्थेच्या परांड्याकडच्या शाळेत वाचनालयाच्या किल्ल्या सांभाळत बसणार. टाकीवरच्या पोरांना मधेच दुसरा विषय उचलावा लागणार. सरांनी छत्री खुर्चीला अडकवली.

“करा शिफारस,” सर म्हणाले. “कारण काय लिवणार?”

“सोमवारी सिस्टीम बंद ठेवतात. हे कारण पुरेसं आहे.”

“बंद ठेवू नये, असं सिद्ध करा. मग खुशाल लिवा. म्या सोता खाली सही करतो.” आणि सरांनी फळ्यावर त्या तीन ओळी लिहिल्या.

अध्यक्षांनी त्या वाचल्या आणि हसले. गणिताचा माणूस. “अहो, पहिलं विधानच चूक आहे!”

“लेखी द्या.”

“तोंडी सांगतो ना! हे बघा…”

“तोंडी न्हाय चालत. माझ्या विषयाची उत्तरं सिस्टीमवर जमा होतात. आणि आज ती विसाव्याला हाय. उद्या या.”

“उद्या आम्ही इथं नसू.”

“मग विधान बरोबर हाय असं धरतो,” सर म्हणाले आणि डस्टर उचललं.

हे शेवटचं वाक्य सरांनी बोलायला नको होतं, असं प्राचार्य पुढं कितीतरी महिने म्हणत होते. अध्यक्षांचे कान लाल झाले. समितीत दुसऱ्या एक मॅडम होत्या, वनस्पतिशास्त्राच्या. त्या म्हणाल्या, “सर, सोडा ना. गाडी उभी आहे.”

“विधान बरोबर आहे असं त्यांनी धरलंय, मॅडम!” अध्यक्ष म्हणाले. “धरलंय! बरोबर!”

इतक्यात आमचा शिपाई पाशाभाई कपबशा गोळा करायला आत आला. त्यानं फळ्याकडं पाहिलं, अध्यक्षांकडं पाहिलं आणि म्हणाला, “मग उद्याच्याला पण चाय लागंल न्हवं? दूध सांगून ठेवतो.”

तपासणी एका दिवसाची होती ती अशी दोन दिवसांची झाली. संध्याकाळी प्राचार्यांच्या घरी जेवण. ज्वारीची गरम भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. अध्यक्षांचं जेवणात लक्ष नव्हतं. भाकरीच्या तुकड्यानं ते पिठल्यात वर्तुळं काढत होते. एक वर्तुळ ओझं वाहणाऱ्यांचं, त्याच्या आत बैलांचं, बाजूला एक लहान वर्तुळ सिस्टीमचं. वहिनी वाढायला आल्या आणि त्यांनी त्या लहान वर्तुळावरच पळी उपडी केली. “अरेरे,” अध्यक्ष म्हणाले, “आता परत पहिल्यापासून.”

मंगळवारी उजाडलं. सरांनी डोळा उघडला. अध्यक्ष आंघोळ करून, तीच कडक इस्त्री घालून लॅबमध्ये हजर. मी त्यांना पाहुणा म्हणून आत घेतलं, पण पाहुण्याला उत्तर जमा करता येत नाही, नुसतं बघता येतं. उत्तर जमा करायचं तर विद्यार्थीच व्हावं लागतं. “मग करा विद्यार्थी!” अध्यक्ष म्हणाले. मी केलं. बी.ए., प्रथम वर्ष.

तरी गाडी पुढं जाईना. चर्चेच्या पानावर ‘आत येऊ का सर?’ लिहायला ते तयार नव्हते. मॅडमनी गंमत म्हणून स्वतःचंही नाव घालून घेतलं, पटकन लिहिलं, सरांनी ‘बर्री’ म्हटलं, त्या आत. अध्यक्ष बाहेर. सर शेजारच्याच खुर्चीत बसलेले, हातभर अंतरावर. पण त्यांच्याकडं बघत नव्हते, स्क्रीनकडं बघत होते. दारात कुणी उभं आहे का, ते तिथंच दिसणार ना! चहा झाला. दुसरा चहा झाला. शेवटी अध्यक्षांनी एका बोटानं टाईप केलं, ‘आत येऊ का सर?’

‘बर्री. उशीर झाला.’

अध्यक्षांचं उत्तर मोठं होतं. सार असं की बैल सजीव, म्हणून दमतो. सिस्टीम निर्जीव, म्हणून दमत नाही. सबब तिला सोमवार नाही.

सरांनी ते दोनदा वाचलं. गुण देण्याची त्यांची एक रीत होती : उत्तर कितीही बरोबर असो, लिहिणाऱ्याला फार खात्री दिसली की अर्धा गुण कापायचा. आणि बरोबर नसेल तर गुण कमी-जास्त असतील, पण खाली दोन शब्द ठरलेले. अध्यक्षांच्या नावापुढं उमटलं : ‘दहापैकी चार. विधानात ओझं म्हटलंय, दमणं नाही. न विचारलेलं लिहू नये. पुन्हा लिहा.’

चार! जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना चार देत आला, त्याला! अध्यक्ष उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, बसले, लिहायला लागले. दुसऱ्यांदा साडेचार मिळाले. त्या अर्ध्या गुणावर त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मॅडमना बोलावून स्क्रीन दाखवला. मॅडमना मात्र पहिल्याच फटक्यात सहा मिळाले होते. त्यांनी ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

तोवर बातमी टाकीपर्यंत पोचली होती. तपासायला आलेला साहेब आपल्या कोर्सला पोरगा म्हणून बसलाय, आणि नापास होतोय! सास्तूरची टाकी भरली. पोरं शिडीवर, शिडीखाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. चर्चेच्या पानावर ‘आत येऊ का सर’ची ही रांग लागली. शिकून गेलेली जुनी पोरंसुद्धा परत घुसली. एकानं चालत्या एसटीतून कंडक्टरचं काम सांभाळत उत्तर टाकलं. पाशाभाईनं माझ्या मोबाईलवरून मत दिलं : ‘चायवाल्याला सोमवार कधी?’ सरांनी त्याला पाच दिले. अध्यक्षांपेक्षा अर्धा जास्त. माझ्या सिस्टीमवर एवढी हालचाल मी कधी पाहिली नव्हती. इतिहासाच्या सरांच्या अंगठ्यालासुद्धा एवढे लोक आले नव्हते.

आणि सूर्य कलायच्या बेताला रेश्माचं उत्तर आलं. रेश्मा सास्तूरचीच, पहिल्या वर्षाची, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी. उत्तर एवढंच :

‘सर, पहिलं विधान बरोबर आहे. दुसरं चूक. सिस्टीम ओझं वाहत नाही. ओझं आमी वाहतो. टाकीवर चढतो, उतरतो, परत चढतो. सिस्टीम नुसती बघते आणि टिपून घेते. म्हणून तिला सोमवार नाही.’

लॅबमध्ये मी होतो, प्राचार्य होते, अध्यक्ष आणि मॅडम होत्या. सगळ्यांनी ते वाचलं आणि सगळे सरांकडं बघायला लागले. कारण आदल्या दिवशीचं ठरलेलं सगळ्यांना आठवत होतं : सिस्टीमला सोमवार नाही हे सिद्ध झालं, तर विषय बंद करायच्या शिफारशीखाली सर स्वतः सही करणार.

प्राचार्य सरांच्या कानाशी वाकले. “सर, चार द्या. पुन्हा लिहा म्हणा. उद्या बघू.”

सरांनी रेश्माचं उत्तर पुन्हा एकदा वाचलं. छत्री मांडीवर आडवी. मग त्यांनी टाईप केलं, हळूहळू, एकेक अक्षर शोधत : ‘दहापैकी साडेनऊ. अर्धा खात्रीचा. बाकी सगळं बरोबर. माझं चुकलं होतं.’

“काय केलंत हे!” प्राचार्य खुर्चीत कोसळले. “विषय गेला, सर! तुमच्या हातानं घालवलात!”

“बरोबर हाय म्हणून दिले,” सर म्हणाले. “चूक असतं तर न्हाय दिले असते.” आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. “कुठं करायची सही?”

आता सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांवर. त्यांनी पेनाकडं बघितलंच नाही. ते स्क्रीनवर रेश्माचं उत्तर वाचत होते, ओठ हलवत. मग त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला आणि घाईघाईनं लिहायला लागले. सूर्य टेकला होता. पंचांगाप्रमाणं शेवटचं मिनिट. त्यांनी जमा केलं. सरांनी उघडलं. सिस्टीम ओझं वाहत नाही, ओझं विद्यार्थी वाहतात, सिस्टीम नुसती बघते…

सरांनी लिहिलं : ‘शेजारच्या वहीतलं. शून्य. पुन्हा लिहा.’

“पण हे बरोबर आहे!” अध्यक्ष ओरडले. “तुम्हीच आत्ता साडेनऊ दिलेत!”

“तिला दिले. तुमचं कुठंय?”

“माझं चारातलं काय चूक होतं ते तरी सांगा!”

“तेच तर तुम्ही शोधायचंय.”

मॅडमनी गाडी पुढं घ्यायला सांगितली. अध्यक्षांना अक्षरशः दोघांनी धरून नेलं. जाताना खिडकीतून ते मला विचारत होते की पासवर्ड बाहेरगावाहूनही चालतो का. मी म्हटलं, चालतो.

सरांनी लगोलग आपली चूक दुरुस्त केली. ओझं वाहतो त्याला सोमवार. ओझं विद्यार्थी वाहतात. सबब सोमवार विद्यार्थ्यांचा. तेव्हापासून तर्कशास्त्राचा कोर्स सोमवारी टक्क उघडा असतो, आणि त्यात जायला सगळ्यांना मनाई आहे. प्राचार्यांनी विचारलं, “मग उघडा कशाला ठेवता?” सर म्हणाले, “मंग काय, ती बघते की नुसती. बघू द्या.”

समितीचा अहवाल मात्र येईना. महिना गेला, सत्र संपलं. संस्थेनं परांड्याच्या शाळेत किल्ल्यांचं कपाटसुद्धा मोकळं करून ठेवलं होतं. सर रोज यायचे, शिकवायचे, पण बोलणं कमी झालं होतं. एकदा मी पाहिलं, स्टाफरूममधला आपला कप ते धुऊन पिशवीत ठेवत होते. मला बघून परत टेबलावर ठेवला. नव्या वर्षाचे प्रवेश तोंडावर आले. रेश्मा प्राचार्यांच्या दारात येऊन विचारून गेली, “सर, दुसऱ्या वर्षाला तर्कशास्त्र घेऊ का नको?” त्यांनी तिला आठ दिवसांनी यायला सांगितलं.

शेवटी प्राचार्यांनी धीर केला. मला आणि सरांना केबिनमध्ये बसवलं, फोन स्पीकरवर टाकला आणि अध्यक्षांना लावला. क्षेमकुशल झालं, पावसापाण्याचं झालं. मग प्राचार्यांनी घाम पुसत विचारलं, “साहेब, ते तर्कशास्त्राचं काय ठरलं? ठेवायचं, का बंद करायचं?”

“बंद कसं करता?” अध्यक्ष म्हणाले. “माझं कालचं उत्तर अजून तपासलेलं नाही.”